क्वेर्सेटिनवर मिथाइल बसलं, पण नेमकं कुठे?

हिरवापाला:
अरॅबिडॉप्सिस या रोपाचं ओएमटी१ (मिथाइल बसवणारं एन्झाइम) ई. कोलाय बॅक्टेरियामधून काढून प्युरिफाय केलं, क्वेर्सेटिन (वनस्पतींतलं एक फ्लॅवोनॉइड) आणि सॅम (मिथाइल देणारा रेणू) टाकलं, आणि एलसी-एमएसला (रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र) निगेटिव्ह मोडमध्ये क्वेर्सेटिनच्या ३०१ च्या पुढे ३१५ चा पीक आला, खूप आनंद झाला. म्हणजे आयसोऱ्हॅम्नेटिन झालं असं लिहू ना? पण या एन्झाइमचं नाव तर कॅफिक ॲसिडवालं, लिग्निनच्या (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाच्या) कामाचं, मग फ्लॅवोनॉइडला कसं चालतंय? आणि तासाभराने रिॲक्शन अडकतेच, मॅग्नेशियम टाकायचं राहिलं म्हणून का?

रिंगबी:
३१५ वरून एवढंच कळतं की एक मिथाइल बसलं (१५ आले, हायड्रोजनचा १ गेला, म्हणून १४ ची वाढ). ३ प्राइमवर बसलं तर आयसोऱ्हॅम्नेटिन, ४ प्राइमवर टॅमारिक्सेटिन, ७ वर ऱ्हॅम्नेटिन (हे आकडे म्हणजे रेणूतल्या कार्बनच्या जागा), वजन तिघांचं सारखंच. एमएस-एमएसला (रेणू फोडून तुकडे मोजल्यावर) ३१५ चा ३०० झाला तरी मिथाइल ऑक्सिजनवर आहे एवढंच कळेल, जागा नाही. या जीनच्या म्युटंट रोपांत आयसोऱ्हॅम्नेटिन सापडत नाही म्हणून तुझा अंदाज बरोबरच असणार, पण टॅमारिक्सेटिन आणि आयसोऱ्हॅम्नेटिन दोन्हीची स्टँडर्ड (ओळख पक्की असलेले शुद्ध नमुने) त्याच कॉलमवर चालवल्याशिवाय नाव लिहू नकोस, प्लीज. पुरेसं प्रॉडक्ट जमलं तर एनएमआर कर, त्यात मिथाइलची जागा दिसते.

प्रोटीनप्रेमी:
नावाचं म्हणशील तर कॅफिक ॲसिड आणि क्वेर्सेटिनची बी रिंग (३ प्राइम, ४ प्राइम जागा असलेली), दोन्हीकडे शेजारी-शेजारी दोन ओएच आहेत, एन्झाइमला तेच दिसतं. मॅग्नेशियम नको. ते लागतं कॅफिओइल-कोएच्या छोट्या फॅमिलीला, तुझं ४० किलोडाल्टनच्या आसपासचं, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या फॅमिलीतलं, तिथे हिस्टिडीन ओएचचा प्रोटॉन काढतो आणि मग ऑक्सिजन सॅमचं मिथाइल उचलतो. अडकण्याचं कारण बहुतेक एसएएच, सॅमने मिथाइल दिल्यावर जे उरतं तेच जाऊन एन्झाइमला अडवतं. एसएएच तोडणारं एन्झाइम सोबत टाकून बघ.

रिंगबी:
आणि बफर अल्कलाइन असेल तर क्वेर्सेटिन आपोआपच ऑक्सिडाइझ होतं! किती क्वेर्सेटिन संपलं ते मोजू नकोस, किती प्रॉडक्ट झालं ते मोज. उकळलेल्या एन्झाइमचा कंट्रोल लावलास का?

हिरवापाला:
नव्हता लावला, आज लावला. त्यातही क्वेर्सेटिन बऱ्यापैकी घटलं आणि ३१५ अजिबात नाही. म्हणजे मी ज्याला रिॲक्शन म्हणत होते त्यातलं बरंचसं ऑक्सिडेशनच होतं. बफरचा पीएच खाली आणते, ऑक्सिडेशन रोखायला ॲस्कॉर्बेट टाकते, आणि दोन्ही स्टँडर्ड मागवलीत.