प्रतिसाद: वर्दळ वाढली की आलेख खाली का येतो?

नेटवर्कची लिंक भरलेली असताना कॅक्टीचा (वर्दळीचे आलेख काढणाऱ्या प्रोग्रामचा) आलेख उलट खाली येतो, असं तुम्ही लिहिलंय. महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसातही अगदी हेच झालं होतं. ११० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपास पोचायचा आणि धाडकन पडायचा!

बहुधा लिंकवरून गेलेले बाइट मोजायला ३२ बिटांचा काउंटर लावलेला असणार. तो सुमारे ४.२९ अब्ज बाइट मोजले की पुन्हा शून्यावर येतो. १ जीबीपीएसची (सेकंदाला १ अब्ज बिट) लिंक पूर्ण वाहत असेल तर जेमतेम ३४ सेकंदांत. कॅक्टी वाचणार दर ५ मिनिटांनी, मधल्या फेऱ्या तिला कळणार कशा? म्हणून आकडा कमी दिसतो. एसएनएमपीची (कॅक्टी ज्या पद्धतीने उपकरणांकडून आकडे घेते, तिची) आवृत्ती २ निवडून ६४ बिटांचा काउंटर लावा. त्याआधी बँडविड्थ (लिंकची क्षमता) वाढवून घेऊ नका, कळकळीने सांगतो.

कोणतं मशीन बँडविड्थ खातंय, ते गेटवेवर (ऑफिसचं नेटवर्क बाहेर जोडणाऱ्या मशीनवर) आयएफटॉप (कोण किती डेटा पाठवतंय ते दाखवणारा प्रोग्राम) चालवून बघा. आमच्याकडे रात्रीचा बॅकअप भरदुपारी चालू सापडला.