मदत हवी आहे : जर्मनीला नथ पाठवताना व्हॅटचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. नौपाड्यात घरूनच मी आणि वहिनी मोत्याच्या नथी, ठुशी, तन्मणी बनवून ऑनलाइन विकतो. सगळं इमिटेशन, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) 7117. आयईसी (आयात-निर्यात कोड) आहे, एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने भरतो, त्यामुळे इथल्या जीएसटीची कटकट नाही.

घोळ तिकडे आहे. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी काढली, म्हणून युरोपकडे वळलो. तर म्युनिकच्या एका ताईंकडे 40 युरोच्या नथीवर दारातच 19 टक्के व्हॅट आणि वर हाताळणी शुल्क मागितलं. ताईंनी पार्सल घेतलंच नाही. गणपतीसाठीची नथ दसऱ्याला परत ठाण्यात!

150 युरोपर्यंतच्या मालाला आयओएसएस (बाहेरून येणाऱ्या मालावरचा व्हॅट भरण्याची युरोपीय संघाची नोंदणी) नंबर असला की व्हॅट ऑर्डरच्या वेळीच घेता येतो, इतपत कळलंय. पण भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो, आणि त्याची फी आमच्या एवढ्याशा धंद्याला झेपेलसं वाटत नाही. सीए म्हणतात, ‘तिकडचं तिकडे बघा.’

ठाणे-नवी मुंबईतलं कोणी असा मध्यस्थ नेमलाय का? किती ऑर्डरींनंतर परवडतं? की सरळ मार्केटप्लेसवरून विकावं, म्हणजे व्हॅट तेच गोळा करतील? आणि डाकघर निर्यात केंद्रातून पाठवणाऱ्यांनी हा आयओएसएस नंबर नेमका कुठे भरायचा, तेवढं सांगा.