सायकल थांबवून काय उचललंत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

रोज सायकलने कामावर जाणाऱ्याची नजर आपोआप पुढच्या पंधरा-वीस फुटांवर, डांबराच्या कडेला राहते. आधी ती खड्डा, काच आणि खिळ्यासाठी असते, मग बाकीचंही दिसायला लागतं. मोटारवाल्याला ते दिसत नाही, आणि दिसलं तरी तो ब्रेक मारेपर्यंत पुढचा सिग्नल आलेला असतो.

माझं म्हणणं असं की पडलेल्या वस्तूंवरून रस्ता कुणाच्या पोटापाण्याचा आहे ते कळतं. त्र्यंबक रोडला सातपूरच्या बाजूला नट-बोल्ट, पेठ नाक्याकडे भाजी, कॉलेज रोडला एका कानाचा इअरफोन. (दुसरा कान कुठे जातो देव जाणे.)

काय उचललंत, काय बघून पुढे गेलात आणि उचललेल्याचं पुढे काय केलंत ते लिहा. ऐकीव सोन्याच्या साखळ्या नकोत, स्वतःचंच सांगा. आणि थांबताना आधी मागे बघा. वस्तू पळून जात नाही, मागचा टेम्पो मात्र थांबत नाही.

सातपूर, टूलरूम

दादा, नट-बोल्टचं खरंय. आमच्या घरी बरणी भरलीये. जास्त करून आठ एमएमचे, म्हणजे बारा-तेराच्या पान्याचे. आटे शाबूत असले तरच घेतो, गंजलेला असेल तर कडेला सारतो, कुणाच्या टायरात जायला नको.

एकदा मात्र खोकंच सापडलं. अंबडकडे जाताना स्पीडब्रेकरच्या पुढे पुठ्ठ्याचं खोकं फुटून पडलेलं, आत तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या. काही बाहेर घरंगळून मातीत गेलेले. आपण याच धंद्यातले, त्यामुळे हातात घेतल्यावर कळलं की फिनिश माल आहे, भंगार नाही. आतलं भोक, म्हणजे बोअर, आरशासारखा. खोक्याला चलनाची कॉपी चिकटवलेली, तिच्यावर कंपनीचं नाव आणि प्लॉट नंबर. भंगारवाल्याला पितळेचा भाव मिळाला असता, पण ज्या पोराने टेम्पोत माल चढवला त्याच्या पगारातून कापलं गेलं असतं.

कॅरियरला बांधून नेलं. गेटवर वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाईल सगळं लिहून घेतलं. वाहन क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून त्याने पेन थांबवला आणि शेवटी ‘सायकल, काळी’ असं लिहिलं. मग सुपरवायझर आला. पहिला प्रश्न, ‘तुमच्याकडे कसा काय आला हा माल?’ दुसरा प्रश्न, ‘बाकीचे कुठे आहेत?’ मातीतले सुद्धा वेचून आणले होते, ते रुमालातून काढून दिले. थँक्यू नाही, चहा नाही. तरी पुन्हा सापडलं तर पुन्हा नेईन. फक्त मातीत पडलेल्यांचा आधी फोटो काढीन.

मखमलाबाद

आमच्याकडे कांदा आणि टोमॅटो. ट्रॅक्टर मार्केट यार्डकडे निघाला की प्रत्येक गतिरोधकावर दोन-चार कांदे वरून सुटतात. पुढच्या चाकाखाली कांदा आला की सायकल सटकते, म्हणून लक्ष असतंच. लाल कांदा उचलण्यात अर्थ नाही, मार लागलेला असतो आणि तो तसाही टिकत नाही. उन्हाळ कांदा वर्षाच्या सुरुवातीचे महिने सरले की यायला लागतो. तो पडला तरी बऱ्यापैकी टिकतो, त्याला वरची सालं घट्ट असतात.

पण नाक्याजवळ काही बायका पहाटेपासून हेच वेचत असतात. त्यांच्या पट्ट्यात मी थांबत नाही. मला तो चार रुपयांचा कांदा, त्यांच्या घरी तीच भाजी.

धागा काढणारा (वरचा प्रश्न विचारणारा)

हे पटलं. माझ्या डोक्यात ‘सापडलं म्हणजे कुणाचंच नाही’ असं कधी येत नव्हतं, पण वेचणाऱ्यांचाही हक्क असतो हे कुणी इतकं स्वच्छ बोललं नव्हतं.

पंचवटी

तिठ्यावरचा नारळ, लिंबू, वर हळद-कुंकू. उचलत नाही. विश्वास नाही, पण आई विचारते ना नारळ कुठून आणला.

जेल रोड

मी शिक्षिका, सायकलने उपनगरपर्यंत जाते. कडेला कापडी पिशवी पडलेली, आत चेनची छोटी पर्स. थोडे पैसे, औषधांच्या गोळ्या आणि एक आधार कार्ड. पत्ता सुरगाणा तालुक्यातला. आता तिकडे कोण जाणार, आणि आधारवर मोबाईल नंबर असेलच असं नाही. पोस्टाने पाठवायचा विचार केला, तेवढ्यात गोळ्यांच्या पाकिटात मेडिकलचं बिल सापडलं. दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मॅडम, त्या आजी पोरीकडे उतरल्यात, सकाळपासून दोनदा येऊन गेल्या.’

आजींनी पैसे मोजलेच नाहीत. आधी कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही, पण वय दाखवायला आधारसारखं ओळखपत्र लागतं. ते नाही तर कंडक्टर तिकीट फाडणार, म्हणून त्या गावी जायच्या थांबल्या होत्या. त्यामुळे पर्स सापडली तर माझी विनंती, पैशांपेक्षा कागद आधी बघा. औषधाचं बिल, लाँड्रीची पावती, शाळेची फी पावती, यांच्यावर फोन नंबर असतो. बँकेच्या कार्डावर नसतो.

सिडको, वकिली

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७१. सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतलीत की तिची जबाबदारी दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखी तुमच्यावर येते. म्हणजे नुसती उचलून घरात टाकली आणि विसरलो, हे चालत नाही. मालक कळत असताना किंवा सहज शोधता येत असताना स्वतःसाठी वापरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, किमान ६ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं आणि दंड. १ जुलै २०२४च्या आधी यालाच आयपीसी ४०३ म्हणायचे. मालकाला द्यायच्या हेतूने उचललं तर गुन्हा नाही.

आता मखमलाबादकरांसाठी. करार कायद्याचंच कलम १६९ असं सांगतं की बाजारात विकली जाणारी वस्तू असेल, मालक प्रयत्न करूनही सापडत नसेल आणि वस्तू नासायला आली असेल, तर ती विकता येते. तेव्हा अख्खी गोणी सापडली तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण आधी मालक शोधा. दोन कांद्यांसाठी कुणी कोर्टात जात नाही.

बक्षीस? मालकाने जाहीर केलं असेल तर हक्काने मागा. नसेल जाहीर केलं, तर सायकल चालवून झालेल्या दमणुकीची भरपाई कोर्टातून मिळत नाही.

इंदिरानगर

मांजा. संक्रांतीच्या आधी आठवडाभर आणि नंतरही महिनाभर मी दिसेल तो मांजा उचलते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी रस्त्यावर सापडतोच. येवल्याच्या आसारीवरचा (फिरकीवरचा) सुती धागा ताणला की तुटतो. हा तुटत नाही, बोट कापतं. मागच्या चाकात गेला तर फ्रीव्हील आणि स्पोकच्या मधल्या फटीत इतका घट्ट बसतो की चाक उतरवून, ब्लेडने एकेक वेढा कापून काढावा लागतो. गळ्याशी आला तर काय होतं ते दर वर्षी आपण पेपरात वाचतो.

ओढायचा नाही, वर झाडात अडकलेलं टोक असतं. हातमोजा घालून, काडीवर गुंडाळत जायचं आणि मग कात्रीने वीतभर तुकडे करायचे. अख्खा गुंडा घंटागाडीत टाकला तर तिथून पुन्हा कुणीतरी पोरगं काढून घेतं. जाळू नका, घाण वास येतो आणि वितळलेला थेंब चिकटतो.

पाथर्डी फाटा

पाऊस जोराचा झाला की नंबरप्लेटा. उचलून नेत नाही, दुभाजकाला नंबर रस्त्याकडे करून उभी ठेवतो. मालक शोधत त्याच रस्त्याने परत येतो, संध्याकाळपर्यंत बहुतेक गेलेली असते.

नाशिकरोड, निवृत्त

आमच्या प्रेसच्या शिफ्टला सायकलींची रांग असायची. कुणाची छत्री, कुणाचा डब्याचा चमचा पडायचा. पोलीस चौकीत कुणी जात नसे, चहाच्या टपरीवर द्यायचं. टपरीवाल्याला सगळी शिफ्ट तोंडपाठ. आजही मी तेच करतो. मोबाईल सापडला तरी बंद करत नाही, वाजायची वाट बघतो, घरचा फोन येतोच. पोरं म्हणतात आता मालकाने सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक केला की तो फोन देशात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. बरंच आहे की. चोराला उपयोग नाही, आपल्याला मोह नाही.

मखमलाबाद

मीच पुन्हा. आज सकाळीच गंगापूरकडून येताना द्राक्षछाटणीची कात्री सापडली. ऑक्टोबर छाटणी चालू आहे, पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या जीपा भरून येतात, त्यातलीच कुणाची तरी. पात्याला ताजी धार आणि स्प्रिंगला तेल, म्हणजे रोजची हातातली आहे. कात्री नसेल तर त्या माणसाला टोळीत उसनी मागून काम करावं लागत असेल. गावात शिरताना पहिली चहाची टपरी लागते, तिथे खिळ्याला टांगून ठेवलीये. बागाईतदारांनी आपापल्या टोळ्यांना विचारा. मुठीला काय गुंडाळलंय ते इथे लिहीत नाही, ज्याची आहे तो सांगेल.