प्लाझ्मात निकेल वरवरच रिड्यूस होतंय, आतलं तसंच! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायला अ‍ॅल्युमिनावरचं (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवरचं) निकेल कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, बनवतोय. भट्टीत हायड्रोजनखाली रिड्यूस केलं (म्हणजे ऑक्सिजन काढून निकेल धातूरूपात आणलं) की निकेलचे कण एकमेकांना चिकटून जाडे होतात. शीत प्लाझ्मात (विजेने आयनित केलेल्या वायूत) तापतात ते इलेक्ट्रॉन, वायू त्या मानाने थंडच. म्हणून भट्टीऐवजी प्लाझ्माचा हा खटाटोप.

मांडणी घरगुतीच म्हणा: क्वार्ट्झची नळी, मधोमध स्टीलची कांडी, बाहेरून तांब्याची जाळी, फट ३ मिमी. ती फट पावडरीने गच्च भरलेली. आर्गॉनमध्ये १० टक्के हायड्रोजन, दाब वातावरणाचाच.

अर्ध्या तासात निळसर-हिरवी पावडर काळी पडते. हवा न लागू देता केलेल्या एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासतात त्यात) धातूरूप निकेल स्पष्ट दिसलं. पेढे वाटायचेच बाकी होते! मग टीपीआर केलं (हायड्रोजनमध्ये तापवत नेत कितव्या अंशाला रिड्यूस होतं ते बघतात), तर ७५० अंशांच्या आसपासचा मोठा पीक जागचा हललेला नाही, म्हणजे आतलं निकेल रिड्यूस झालेलंच नाही. एक्सपीएसला वरचे काही नॅनोमीटरच दिसतात हे तेव्हा आठवलं.

शिवाय नळी बाहेरून चटका बसेल इतकी तापते. म्हणजे काम प्लाझ्माचं की नुसत्या उष्णतेचं? थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आत घातलं तर हाय व्होल्टेजमुळे आकडे नाचतात.

प्रतिसाद १
'निळसर' म्हणालात, तिथेच पाणी मुरतंय. कॅल्सिनेशन, म्हणजे आधीचं भाजणं, किती अंशांना केलंत? ७००च्या पुढे निकेल अ‍ॅल्युमिनात शिरून स्पिनेल (दोघांचं मिळून एक घट्ट ऑक्साइड) होतं, ते सहजी रिड्यूस होत नाही. कॅल्सिनेशन गाळा, नुसती वाळवलेली निकेल नायट्रेटची पावडरच प्लाझ्मात घाला. दुसरं, वातावरणाच्या दाबाला काही नॅनोमीटरच्या छिद्रांत प्लाझ्मा पेटतच नाही. हायड्रोजनचे सुटे अणू आत पोचेपर्यंत पुन्हा जोडीने बसतात. तेव्हा थर पातळ ठेवा, मधूनमधून हलवा.
उष्णतेचं म्हणाल तर प्लाझ्मा बंद केल्या क्षणी थर्मोकपल आत सरकवा. येईल त्या तापमानाला तोच वायू, तीच पावडर भट्टीत ठेवून बघा.

धागाकर्ता
७५०ला केलं होतं. 'जास्त भाजलं की पक्कं बसतं' असं सीनियर म्हणाला होता, बसलं खरं! उद्याच नायट्रेटची पावडर घालतो.

प्रतिसाद १
नायट्रोजनचे ऑक्साइड निघतील. बाहेर पडणारा वायू फ्यूम हूडमध्येच सोडा.