दुपारच्या गर्दीत जुनी ऑटोमॅटिक एकाच गिअरवर अडकते, चावी बंद-चालू केली की नीट चालते

मानेवाडा_३१:
नमस्कार. गाडी २०१० ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनचा जोर पोचवणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक, ९४ हजार किलोमीटर झालेली. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून घेतली, म्हणजे विकायचा विचार नाही. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. आईला डायलिसिससाठी नागपुरातच धंतोलीत न्यायचं असतं, आणि तिथून परतायची वेळ नेमकी भर दुपारची.

त्रास असा आहे. सकाळी जाताना गाडी अगदी छान. परतताना एसी लावून सीताबर्डीच्या गर्दीत थोडा वेळ गेला की एखाद्या सिग्नलवरून उठताना एकदम जड होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र रखडत पुढे सरकते. एकदा वेग पकडला की काही जाणवत नाही. रिव्हर्स नेहमी व्यवस्थित पडतो. बाजूला घेऊन चावी बंद केली आणि पुन्हा सुरू केली की सगळं ठीक, कधी घरापर्यंत, कधी पुढच्या चौकापर्यंतच. वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन आले तेव्हा एकदाही झालं नाही.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढून लावलं, मग मशीन जोडून सांगितलं की कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेला दोषाचा नंबर) काही नाही, म्हणजे गिअरबॉक्सच आतून गेलाय. खोलून बनवायचे ७० हजार. एवढे पैसे घालायचे तर घालेन, पण दोष खरोखर तिथेच आहे हे कळल्यावर. आई गाडीत असताना चौकात अडकण्याची फार भीती वाटते. कोणी नीट सांगू शकेल का?

धंतोली_पार्किंग:
काकू, वायरिंगला उंदीर लागलेत का ते आधी पाहा. आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात हा त्रास कायमचा आहे. माझ्या गाडीची एक वायर अर्धवट कुरतडलेली होती, दोन-चार तारा उरलेल्या. खड्डा आला की लाइट लागायचा, मग आपोआप जायचा. बॉनेट उघडून बॅटरीच्या खाली आणि एअर फिल्टरच्या डब्यामागे टॉर्च मारा, लेंड्या दिसल्या तर समजून घ्या. आणि गिअर ऑइल कधी बदललं होतं?

कामठीरोड_इलेक्ट्रिशियन:
ताई, गिअरबॉक्स आताच उतरवू देऊ नका. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. तुम्ही लिहिलेलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे चावी बंद-चालू केली की गाडी नीट होते. आतली क्लच प्लेट घासलेली असेल तर ती चावी फिरवल्यानं बरी होत नाही.

होऊन काय राहिलं ते सांगतो. तुमच्या गिअरबॉक्सचा एक कॉम्प्युटर असतो, टीसीएम. त्याला एखाद्या सेन्सरचा सिग्नल चुकीचा आला किंवा मध्येच तुटला, की तो गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा, करंट तोडतो. आतलं नुकसान टाळायसाठी तशी सोयच केलेली असते, याला लिंप मोड म्हणतात. करंट गेला की ऑइलचं प्रेशर ठरलेल्या एकाच वाटेनं जातं आणि चार गिअरच्या बहुतेक गाड्यांत तिसरा गिअर लागून राहतो. म्हणून तुमची गाडी सिग्नलवरून तिसऱ्यावर उठते आणि जड लागते. रिव्हर्स तुमच्या लिव्हरच्या केबलनं फिरणाऱ्या व्हॉल्व्हवर चालतो, त्याला या सोलेनॉइडची गरज नाही, म्हणून तो पडतो. चावी बंद केली की कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून तपासतो आणि दोष परत दिसेपर्यंत सगळे गिअर देतो.

आता कोडचं. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत साठवलेला कोड पुसला जातो, मग मशीनला काय दिसणार? शिवाय स्वस्तातलं मशीन फक्त इंजिनचे कोड वाचतं, गिअरबॉक्सचा भाग उघडतच नाही. पुढच्या वेळी गाडी अडकली की टर्मिनलला हात लावू न देता, टीसीएम वाचणाऱ्या स्कॅनरवर न्या. कोड लिहून घेतल्याशिवाय कोणालाही पुसू देऊ नका.

त्याआधी बिनखर्चाची कामं करून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजे. मग एसी, ब्लोअर, हेडलाइट सगळं लावायचं आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरायची. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या धातूला जोडणारी पट्टी, खराब आहे. इतक्या जुन्या गाडीत त्या पट्टीच्या बोल्टखाली हिरवा गंज धरलेला असतो, बोल्ट खोलल्याशिवाय दिसत नाही. तुमचा त्रास एसी लावल्यावर होतो, म्हणून हे आधी सांगून राहिलो.

ऑइल पाहायची पद्धतही नीट हवी. सपाट जागा, गाडी चालवून गरम झालेली, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खुणांवरून फिरवायची, मग तुमच्या गाडीच्या पुस्तकात पार्क किंवा न्यूट्रल जे लिहिलं असेल त्यात ठेवून डिपस्टिक काढायची. लाल असेल तर चांगलं. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा जळल्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी ऑइलमध्ये शिरलं, मग गाडी अजिबात चालवू नका.

आणि एक करा. शेजारी कोणाला तरी बसवून मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. गाडी जड होते त्या क्षणी डी अक्षर गायब होतं का, लुकलुकतं का, स्पीडोमीटरचा काटा पडतो का, हे पाहायचं. अक्षर गेलं तर लिव्हरची जागा सांगणाऱ्या स्विचवर संशय, काटा पडला तर स्पीड सेन्सरवर. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, त्याला हे दिसत नाही.

चावी बंद करायची ती गाडी पूर्ण थांबवून, कडेला घेऊन, पार्कमध्ये टाकूनच. चालत्या गाडीत नाही. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर जातो.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
इलेक्ट्रिशियनदादांशी बव्हंशी सहमत, पण गरम झाल्यावरच त्रास होतो याचा अर्थ दोष विजेचाच असं धरू नये. ऑइल तापलं की पातळ होतं, आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर वेगवेगळ्या गिअरकडे वळवणारा भाग) किंवा आतली सीलं झिजली असतील तर प्रेशर तेव्हाच गळतं. कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर हेच पाहतो, सकाळी मशीन उत्तम, दुपारी दाब टिकत नाही. प्रेशर गेज लावून गार आणि गरम दोन्ही वेळा मोजलं तर शंका उरणार नाही.

कामठीरोड_इलेक्ट्रिशियन:
बरोबर आहे भाऊ, तेही असू शकतं. पण प्रेशर गळलं तर गिअर घसरतो. चालत्या गाडीत इंजिनचे आरपीएम चढतात आणि वेग तेवढाच राहतो, आणि चावी फिरवून त्यात फरक पडत नाही. ताईंची गाडी वेग पकडल्यावर नीट चालते. ऑइल जळकं निघालं किंवा गिअर घसरताना दिसला, तर गेज लावायलाच पाहिजे.

गरम होण्यानं वायरीचं काय होतं तेही सांगतो. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. गार असताना, म्हणजे ३० अंशांना, एखादी कॉइल १४ ओम दाखवत असेल तर १०० अंशांना ती १८ च्या आसपास दाखवेल, यात काही बिघाड नाही. पण आतली तार तुटायला आली असेल तर तापून ती सरकते आणि मीटर सरळ ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवतं. गार झाली की पुन्हा चिकटते. मेमध्ये इथला पारा ४५ च्या वर, त्यात बॉनेटखालची उष्णता, एसीचा कंडेन्सर, आणि गर्दीत वारा लागत नाही. तुमच्या वर्धा रोडच्या फेरीत काही झालं नाही ते म्हणूनच असेल.

मानेवाडा_३१:
सगळ्यांचे मनापासून आभार. उंदरांच्या खुणा नाहीत. ऑइल लाल आहे, थोडं गडद, जळका वास नाही. मागचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या कागदांत सापडत नाही. अर्थिंगवर ०.१ व्होल्टच आलं. भाची शेजारी बसून व्हिडिओ घेत होती. लोकमत चौकाच्या अलीकडे स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून परत वर आला, आणि पुढच्या सिग्नलवरून उठताना गाडी जड! डी अक्षर जागेवरच होतं. तशीच दुसऱ्या गॅरेजला नेली, त्यांच्या स्कॅनरवर पी०७२० आला. ते म्हणतात आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा वेग मोजणारा), आत्ताच बदलू. बदलू का?

कामठीरोड_इलेक्ट्रिशियन:
ताई, छान काम केलं तुम्ही आणि भाचीनं. पी०७२० म्हणजे त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर आणि टीसीएमपर्यंतची वायर, तिन्ही येतात. म्हणून आधी कनेक्टर काढून पाहायला सांगा, आत ऑइल किंवा गंज आहे का, पिन सैल आहे का. मग मीटर लावून वायर हलवून पाहायची. सेन्सर दोन पिनचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स गार असताना मोजायचा, मग हेअर ड्रायरनं तापवून पुन्हा. तापल्यावर ओपन झाला तर खुशाल बदला. तीन पिनचा असेल तर ही पद्धत चालत नाही, त्याला येणारा करंट आणि निघणारा सिग्नल पाहावा लागतो.

सेन्सरसोबत ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल सील, नवीनच टाकायला लावा, जुनीच बसवली तर तिथून ऑइल झिरपायला लागतं. ऑइलही बदलून घ्या, पण फक्त ड्रेन करून, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा करायचं. बाटलीतलं कुठलंही औषध टाकू देऊ नका.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या आणि भाचीला घेऊन त्याच रस्त्यानं भर दुपारी एसी लावून फिरून या, आईला नंतर बसवा. काटा पुन्हा पडला तर सेन्सर ते टीसीएम वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी लागेल. तेव्हा कामठी रोडला गाडी घेऊन या, मी समोर बसून पाहून देईन.