बेसबॉलचा अर्धा सीझन संपला, आता कुठून सुरुवात करू? (आई-बाबांना मॅचही दाखवायची आहे)

पाटलीणबाई, नोव्हाय (मिशिगन)
१३ जुलै २०२५, रात्री

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये नोकरीपायी डेट्रॉइटजवळ राहायला आलो. ऑफिसात, शेजारी, पोराच्या डे-केअरमध्ये, जिथे जावं तिथे विषय एकच: इथली बेसबॉल टीम, टायगर्स. आतापर्यंत नुसती मान डोलावत होते, हल्ली खरंच बघावंसं वाटायला लागलंय. पण सीझन निम्मा उलटून गेला. आज सिअ‍ॅटल मरिनर्सनी इथे येऊन ओळीनं तिसरी मॅच जिंकली आणि शेजारचे आजोबा तरी अंगणात शांतपणे झाडांना पाणी घालत होते. आपल्याकडे घरच्या मैदानावर ३-० मार बसला असता तर एव्हाना कर्णधार बदलून झाला असता!

तर विचारायचंय ते असं. आता मध्येच शिरलं तर काही कळेल, की पुढच्या वर्षीची वाट बघू? गुणतक्त्यात नेमकं काय बघतात? टायगर्स पहिले आहेत म्हणजे प्लेऑफ पक्कं का? आणि महिनाअखेरपर्यंत आई-बाबा इथे आहेत, त्यांना एक मॅच दाखवायची आहे. बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी, आणि दोघांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोणती मॅच निवडू, कुठे बसवू?

क्रिकेट चांगलं की बेसबॉल हा वाद कृपया नको. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

जुना वडाळा, एडिसन (न्यू जर्सी)

मी (न्यूयॉर्क) मेट्सवाला, म्हणजे दुःखाचा अनुभव दांडगा. तरी सांगतो.

शिरायला हीच वेळ चांगली. प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते. एप्रिलमधला तक्ता बघून काहीही कळत नाही, तेव्हा कोणीही वर असतं आणि कोणीही खाली. ८१ मॅच झाल्या की कोण खरंच चांगलं आहे याचा अंदाज येतो. पुढच्या दोन आठवड्यांत खेळाडूंची अदलाबदल, मग ऑगस्टची दमछाक, मग सप्टेंबर. सगळं नाटक अजून व्हायचंय.

शेजारच्या आजोबांचं गणित समजून घ्या. आयपीएलमध्ये साखळीत १४ मॅच, इथे १६२. म्हणजे तिथली एक मॅच इथल्या साडेअकरा मॅचच्या तोलाची. तीन मॅच हरणं ही तिथे एका मॅचमध्ये दोन-चार खराब ओव्हर टाकण्याएवढी गोष्ट. टायगर्स आज ५९-३८ आहेत (आधी जिंकलेल्या, मग हरलेल्या). एवढी भारी टीमसुद्धा पाचपैकी दोन मॅच हरतेच. उलट कोलोरॅडो रॉकीज बघा, २२-७४, इतकी वाईट टीम क्वचित होते, पण तेही चारातली जवळपास एक जिंकतात. म्हणून आज काय झालं यावर कोणी जीव टाकत नाही.

तक्त्यात 'गेम्स बिहाइंड' बघा. वरच्या टीमच्या जिंकलेल्या मॅच वजा आपल्या जिंकलेल्या, अधिक आपल्या हरलेल्या वजा वरच्याच्या हरलेल्या, भागिले दोन. आकडा साडेपाच असेल तर समोरासमोर खेळूनसुद्धा बरोबरी करायला पाच-सहा मॅच ओळीनं जिंकाव्या लागतील. त्याच्या शेजारी धावांचा फरक असतो, म्हणजे एकूण केलेल्या वजा दिलेल्या. मी आधी तोच बघतो. एखादी टीम तक्त्यात वर आहे पण फरक शून्याच्या आसपास, म्हणजे एका-एका धावेनं जिंकत आलेय. असलं नशीब सप्टेंबरपर्यंत सहसा पुरत नाही.

प्लेऑफला प्रत्येक लीगमधून (दोन आहेत, अमेरिकन आणि नॅशनल) सहा जातात: तीन विभागांचे तीन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. विजेत्यांतल्या पहिल्या दोघांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही. टायगर्सना खरं त्या जागेवर राहायचंय.

पक्कं मात्र काहीच नसतं. तुमच्याच टीमचं गेल्या वर्षीचं उदाहरण घ्या. जुलैअखेर त्यांनी हार मानून आपला पिचर (म्हणजे बॉलर) जॅक फ्लॅहर्टी लॉस एंजेलिस डॉजर्सना देऊन टाकला. ऑगस्टमध्ये ५५-६३ होते. तिथून पुढच्या ४४ पैकी ३१ जिंकल्या, वाइल्ड कार्ड मिळवलं आणि ह्यूस्टनला घरी पाठवलं. फ्लॅहर्टीनं डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीजची (म्हणजे अंतिम फेरीची) विजेत्याची अंगठी घेतली आणि यंदा परत डेट्रॉइटला आला. असली पटकथा कोणी लिहिली तर निर्माता हाकलून देईल.

लेक एरीचा वारा, क्लीव्हलंड

शेजारधर्म म्हणून लिहितोय. मी इथल्या गार्डियन्सचा, म्हणजे तुमच्याच विभागातला. आम्ही नुकत्याच दहा मॅच ओळीनं हरलो आणि ४६-४९ वर आहोत, त्यामुळे आवाज जरा खालीच ठेवतो.

पण ताई, विभाग जिंकलाच असं शेजाऱ्यांना बोलू देऊ नका. १९७८ साली जुलैत बोस्टन रेड सॉक्स यांकीजच्या १४ गेम पुढे होते. शेवटी दोघे ९९-६३ वर येऊन अडले, एक जादा मॅच झाली, आणि यांकीजच्या बकी डेंट नावाच्या शॉर्टस्टॉपनं (आतल्या भागातला फील्डर), ज्याच्याकडून कोणी होमरनची (आपल्या षटकारासारखा फटका) अपेक्षा करत नव्हतं, तिथे होमरन मारला. बोस्टनमध्ये अजून त्या माणसाचं नाव शिवी दिल्याशिवाय घेत नाहीत. १९१४ चे बोस्टन ब्रेव्ह्ज तर ४ जुलैला तळाला होते आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. २०१९ ला वॉशिंग्टन नॅशनल्सनी १९-३१ वरून जिंकली. २०२१ ला अटलांटानं अर्धा सीझन जेमतेम ढकलला, रोनाल्ड अकुन्या जायबंदी झाला, मग जुलैत चार नवे आउटफिल्डर (लांबचे फील्डर) आणले आणि त्यातलाच होर्हे सोलेर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता ती जादा मॅचसुद्धा नाही. २०२२ पासून बरोबरी झाली की आपसातल्या मॅच कोणी जास्त जिंकल्या ते बघतात. आणि कॅलेंडर काढून बघा: १६ ते १८ सप्टेंबर आम्ही तुमच्याकडे, २३ ते २५ तुम्ही आमच्याकडे. सहा मॅच. तोवर थांबा एवढंच म्हणणं आहे.

जुना वडाळा

@लेक एरीचा वारा, दहा गेमच्या वर अंतर आहे हो. हलके घ्या, पण स्वप्नं जरा स्वस्तातली बघा.

निशाचर, नाशिक

भारतातून बघणाऱ्यांसाठी थोडं, कारण असे धागे आम्हीही वाचतो.

टीम निवडताना इतिहास, खेळाडू वगैरे ठीक, आधी घड्याळ बघा. डेट्रॉइटची संध्याकाळी ६:४० ची मॅच आपल्याकडे पहाटे ४:१० ला. ज्यांना व्यायामाला उठायचंय त्यांनी खुशाल टायगर्स धरावेत. लॉस एंजेलिसची ७:१० ची मॅच सकाळी ७:४० ला लागते, डबा भरता भरता तीन-चार डाव होतात. मी शिकागो कब्ज धरले, कारण त्यांच्या रिग्ली फील्ड मैदानावर अजूनही दुपारच्या मॅच भरपूर. तिथे दिवेच १९८८ साली लागले. दुपारी १:२० ची मॅच आपल्याकडे रात्री ११:५० ला सुरू आणि अडीचच्या सुमारास खेळ खलास. २०२३ ला पिचरला घड्याळ लावल्यापासून मॅच तीन तासांच्या आत संपते: बेस (धावताना गाठायच्या जागा) रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कोणी बेसवर असेल तर १८.

शिवाय इथे एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) टीव्ही घेतलं की सगळ्या टीम दिसतात. पाटलीणबाई, तुमच्याकडे उलटं आहे. तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता म्हणून त्याच्यावर नेमके टायगर्सच बंद. स्थानिक हक्क वेगळ्या चॅनेलकडे असतात. पैसे भरायच्या आधी हे बघा. गाडीत रेडिओ लावा, डॅन डिकरसन यांची कॉमेंट्री ऐकून खेळ निम्मा तिथेच शिकाल.

ढोबळी मिरची, ट्रॉय (मिशिगन)

मॅचचं मी सांगते, आमच्याकडे दर उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि दर उन्हाळ्यात कोमेरिका पार्कची (टायगर्सच्या मैदानाची) वारी होते.

आताच्या ऑल-स्टार ब्रेकनंतर (सीझनमधली छोटी सुट्टी) टायगर्स आधी टेक्सस आणि पिट्सबर्गला जाणार. घरी २४ ते २७ जुलै टोरंटो ब्लू जेज, मग २८ ते ३० अ‍ॅरिझोना. टोरंटो त्यांच्या विभागात पहिले आहेत, म्हणजे पहिला विरुद्ध पहिला. पलीकडून नदी ओलांडून त्यांचे लोकही गाड्या काढून येतात, वातावरण मस्त असतं. गर्दी नको असेल तर अ‍ॅरिझोनाची घ्या. त्यांचा युजेनिओ सुआरेझ ३१ होमरनवर आहे आणि तो ३१ जुलैच्या आत कुठेतरी विकला जाणार अशी चर्चा आहे, बघून घ्या.

रविवार दुपार नको. जुलैचं ऊन आणि उघडी खुर्ची, आईबाबा तिसऱ्या डावात घरी चला म्हणतील. संध्याकाळची घ्या. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा पहिला तासभर टोपी लागेलच.

जागा: खालच्या मजल्यावरच्या मागच्या रांगा, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) जवळपास. लोक पुढे बसायला धडपडतात, पण तिथे पोचायला पायऱ्या उतराव्या लागतात आणि परत चढाव्या लागतात. चालायचा मोठा रस्ता रांगांच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून मागे बसलं की बाबांना चार पायऱ्यांत काम होतं, डोक्यावर वरच्या मजल्याची सावलीही येते. आणि डगआउटच्या (खेळाडू बसतात ती जागा) टोकापर्यंत जाळी असते, चेंडू अंगावर यायची भीती कमी. आउटफिल्डमधली स्वस्त तिकिटं या खेपेला नको.

आईंसाठी पिझ्झा आहे. टीमच्या मालकांचंच लिटल सीझर्स, त्यामुळे चीज पिझ्झा नक्की मिळतो. बाकी फ्रेंच फ्राइज, आइस्क्रीम. घरचं काय नेता येतं आणि पर्स केवढी चालते ते जायच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर वाचा. पोराला घेऊन जात असाल तर आत वाघांचं मेरी-गो-राउंड आहे आणि बेसबॉलच्या आकाराच्या पाळण्यांचं जायंट व्हील. प्रवेशद्वाराशी भलामोठा वाघ आहे, फोटो तिथे काढायचा असतो.

जळगावची केळी, सॅन होजे

शाळेत सॉफ्टबॉल खेळले आहे (जळगावात हे नवल नाही), म्हणून एक सुचवते. बाबांना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल द्या. नुसतं बघून तीन तास जात नाहीत, लिहायला लागलं की जातात.

आकडे जागांचे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून आउटफिल्ड ७, ८, ९. समजा पहिल्या बेसवर एक जण उभा आहे आणि बॅटरनं जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे मारला. त्यानं उचलून दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्या बेसवर. दोन आउट, सगळं मिळून चार सेकंद. कार्डावर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट) असेल तर के. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा. आमच्या वडिलांनी पहिल्या दोन डावांत चुळबुळ केली, तिसऱ्यात उलटा के काढायला मिळाला आणि मग शेजारच्या अमेरिकन माणसाला 'तो पाच-तीन होता ना?' विचारायला लागले. उरलेली मॅच त्या दोघांनी मिळून लिहिली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

रच्याकने (जाता जाता), बाबांना सांगा फक्त पिचरकडे बघू नका. चेंडू सुटायच्या आधी फील्डर कुठे सरकतात ते बघा.

पाटलीणबाई
१६ जुलै

किती लिहिलंत सगळ्यांनी! वाचनखूण साठवली आहे, बाबांना मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

काल ऑल-स्टार मॅच (दोन लीगच्या निवडक खेळाडूंची) बघितली. आपला टायगर्सचा पिचर स्कूबल सुरुवातीला आला म्हणून टाळ्या वाजवल्या. पण शेवटी काय झालं ते? ६-६ बरोबरी, मग एकेक जण येऊन तीन-तीन होमरन मारायचा प्रयत्न करतोय, तो श्वार्बर तीनपैकी तीन मारतो आणि नॅशनल लीग जिंकली! नेहमीच्या मॅचमध्येही असंच करतात का? बाबा म्हणाले, 'ही तर सुपर ओव्हर.'

लेक एरीचा वारा

नाही नाही, ते फक्त ऑल-स्टारला, काल पहिल्यांदाच. एरवी दहाव्या डावापासून प्रत्येक टीमचा एक माणूस आधीच दुसऱ्या बेसवर उभा करून खेळ पुढे चालू. प्लेऑफमध्ये तेही नाही, मग मध्यरात्र झाली तरी चालतं.

पाटलीणबाई

समजलं. शेवटचा प्रश्न. बाबांना आता स्कूबलच बघायचाय, गेल्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता म्हणून. टोरंटोच्या चार मॅचपैकी तो कुठल्या दिवशी टाकेल? तिकीट आत्ता काढू की थांबू?

जुना वडाळा

थांबा. पिचर साधारण दर पाचव्या-सहाव्या दिवशी येतो आणि ब्रेकनंतर क्रम नव्याने लावतात. टेक्ससमध्ये तो कोणत्या दिवशी येतो ते बघा आणि तिथून मोजा. एमएलबीच्या अ‍ॅपवर संभाव्य पिचरची नावंही दोन-चार दिवस आधी लागतात.

ढोबळी मिरची

थांबू नका हो! स्कूबलचं नाव लागलं की त्या दिवसाची तिकिटं लगेच महागतात. शुक्रवार किंवा शनिवारचं काढून ठेवा, दिवस चुकला तर फोनवरूनच परत विकता येतं. आणि त्या दिवशी घरून दीड तास आधी निघा. डाउनटाउनला पार्किंग दूर मिळालं तर बाबांना आधी गेटवर उतरवा, मग गाडी लावायला जा.