मदत हवी आहे : बाप्तिस्मा न घेतलेल्या आबाजींबद्दल पोरीला काय सांगू?

नमस्कार मंडळी. आम्ही अचलपूर तालुक्यातल्या खेड्यातले. मी आणि बायको प्रोटेस्टंट, माझे वडील मात्र शेवटपर्यंत माळकरी. दरसाल पायी शेगाव. उन्हाळ्यात नळ बंद पडले की वावरातल्या विहिरीची मोटर साऱ्या गावासाठी चालू करून द्यायचे. दिवाळीनंतर गेले. आता पोरगी रोज झोपताना विचारते, "आबाजी स्वर्गात आहेत ना?"

आमच्या चर्चच्या पाळकांनी बायबलातलं योहान 14:6 काढून दाखवलं, येशूद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांस 2:8-9 मलाही पाठ आहे. मान्य. पण रोमकरांस 2:14-15 मध्ये प्रेषित पौल परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाबद्दल बोलतो, ते कुठं बसवायचं? येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता तरी त्याला स्वर्गाचं वचन मिळालं, पण त्यानं निदान येशूला हाक तरी मारली.

ओळखीचे एक कॅथलिक फादर म्हणाले, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्येच मांडलंय : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता (तारणाचा संदेश) ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ऐकून बरं वाटलं. पण आबाजींनी सुवार्ता ऐकली होती ना जी! माझ्याच तोंडून, ओट्यावर तंबाखू मळत, हसत हसत. मग दोष धरायचा की नाही?

धर्मांतरावर वाद नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. संडे स्कूल शिकवणारे कोणी असतील तर सांगा, खोटं न बोलता लेकराला काय उत्तर देता?